रिनोव्हेट केलेलं घर घेताय? आधी त्याचं जुनं भाडं विचारा

दर उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये घर शोधणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींचे मेसेज येतात, आणि त्यात एक जाहिरात हमखास असते. लोअर ईस्ट साइड, ऐतिहासिक इमारत, पूर्ण रिनोव्हेशन, उघड्या विटांची भिंत, नवं किचन. मी अशाच एका घरात भाड्याने राहते, म्हणून सविस्तर लिहितेय. किचन आवडलं तरी आधी त्या घराच्या भाड्याचा इतिहास काढा, एवढंच माझं सांगणं आहे.

लोअर ईस्ट साइड ही मॅनहॅटनमधली वस्ती पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून आलेल्यांची. एकोणिसाव्या शतकात इथे जर्मन इतके होते की या भागाला ‘छोटं जर्मनी’ म्हणत. १८८० नंतर पूर्व युरोपातले ज्यू आले, इटालियन आले, दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तो रिकोची माणसं, मग चिनी. या सगळ्यांनी टेनमेंटमध्ये, म्हणजे दाटीवाटीच्या भाड्याच्या इमारतींत, संसार केले. ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या ९७ नंबरच्या इमारतीत आता टेनमेंट म्युझियम आहे, ते जरूर बघा. इमारत १८६३ची. एकेक घर साधारण ३२५ चौरस फुटांचं, खोल्या तीन, आणि बाहेरचा उजेड त्यातल्या एकीलाच. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या माझ्या आईला ते दाखवलं, तर बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, “आम्हाला निदान गॅलरी तरी होती गं.”

माझ्या घरात स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामधल्या भिंतीत एक खिडकी आहे. घरातल्या घरात खिडकी! जुनी लाकडी चौकट, आणि तिच्यावर रंगाचे इतके थर की कोपरे गोल झालेत. घर दाखवताना ब्रोकरने ती ‘डिझाइन’ म्हणून दाखवली होती. खरं तर अशा खिडक्या कायद्याच्या रेट्याने भिंतींत बसवल्या गेल्या. आतल्या काळोख्या खोल्यांत क्षयाने माणसं मरत होती. १९०१च्या टेनमेंट कायद्याने जुन्या इमारतींतही आत उजेड-वारा पोचवायला लावला आणि दर दोन कुटुंबांमागे एक संडास बांधायला लावला. घरमालक त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि हरले. या इमारतींतल्या सुधारणा अशा भांडून मिळालेल्या आहेत, आणि त्या मिळाल्या तिथे राहणाऱ्यांसाठी.

म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला राग येतो. न्यूयॉर्कमध्ये १९७४च्या आधी बांधलेल्या, सहा किंवा जास्त घरं असलेल्या इमारतींत बहुतेक घरं रेंट स्टॅबिलाइज्ड असतात, म्हणजे दरवर्षी भाडं किती वाढवायचं ते सरकारी मंडळ ठरवतं. पण २०१९पर्यंत यात मोठी पळवाट होती. जुना भाडेकरू गेला की भाडं वीस टक्क्यांपर्यंत वाढवता यायचं. वर रिनोव्हेशनच्या खर्चाचा चाळिसावा हिस्सा (मोठ्या इमारतीत साठावा) दरमहा भाड्यात कायमचा धरता यायचा. चाळीस हजार डॉलर खर्च दाखवला की महिन्याला हजार डॉलर जास्त. असं करत भाडं ठरावीक रकमेच्या वर गेलं, २०१९मध्ये ती रक्कम २,७७४ डॉलरच्या आसपास होती, की रिकामं घर या भाडे-नियंत्रणाच्या बाहेर. म्हणजे म्हातारी भाडेकरीण घर सोडून गेली तर मालकाचा फायदाच फायदा. मग तिने जावं म्हणून हीटिंग बंद पडतं आणि कुणी फोन उचलत नाही, बांधकामाची धूळ उडत राहते, पैसे घेऊन घर सोडा म्हणून माणसं दार ठोठावतात. जून २०१९च्या कायद्याने ही पळवाट बुजवली. पण आधी सुटलेली घरं बहुतेक सुटलेलीच राहिली.

आमच्याच मजल्यावर पोर्तो रिकोच्या एक आजी आहेत. त्यांच्या घराला कुणी हात लावलेला नाही. बाथटब अजून स्वयंपाकघरातच, त्यावर फळी, फळीवर भाजी चिरायची. भिंतीपलीकडच्या माझ्या घराचं क्षेत्रफळ तेवढंच, भाडं मात्र त्यांच्या कितीतरी पट. त्यांना घर सोडायला पैसे देऊ केले होते, त्या नाही म्हणाल्या. असं नाही म्हणायचा हक्क त्यांना आहे, आणि लेखी नकार दिला की १८० दिवस पुन्हा तो विषय काढायला कायद्याने मनाई आहे. हे त्यांना शेजारच्यांनी सांगितलं, मालकाने नाही.

तर घर घेताना काय करायचं? हे घर स्टॅबिलाइज्ड आहे का, नसेल तर कधीपासून आणि कशामुळे, हे लीजवर सही करायच्या आधी लेखी विचारा. राहायला आलात की राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे आपल्या घराची ‘रेंट हिस्टरी’ मागा. ती फुकट मिळते आणि टपालाने घरी येते. कोणत्या वर्षी किती भाडं होतं आणि कुठे एकदम उडी मारली, ते त्यात दिसतं. उडीचा हिशोब लागत नसेल तर तक्रार करता येते, आणि मालकाने जाणूनबुजून जास्त घेतलं असं ठरलं तर जादा घेतलेल्या रकमेच्या तिप्पट भरपाई मिळू शकते. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त देऊ नका, तोही कायदाच आहे. घरात लहान मूल असेल तर खिडक्यांच्या जुन्या रंगातल्या शिशाबद्दल आधीच विचारा.

“आपण दोन वर्षांसाठी आलोय, कशाला भानगडी?” असं मला खूप जण म्हणतात. पण कुणीच विचारलं नाही, तर आपण भरतो तेच भाडं पुढच्याला ‘इथला रेट’ म्हणून सांगितलं जातं, आणि शेजारच्या आजींना बाहेर काढण्याचा मोह तेवढाच वाढतो. मी माझ्या घराची हिस्टरी मागवली आहे. आमच्या इमारतीत भाडेकरूंची संघटना आहे, तिच्या बैठकीत ती सगळ्यांसमोर ठेवणार आहे. कुणाला अर्ज भरायला मदत हवी असेल तर मेसेज करा, सोबत बसून भरू.