जॅकला हात लावण्याआधीची पाच मिनिटे

पंक्चर झालेले चाक बदलायला शिकवताना बहुतेक जण जॅक कुठे ठेवायचा आणि दांडा कसा फिरवायचा एवढेच दाखवतात. मला हे शिक्षण अपुरे आणि धोक्याचे वाटते. दांडा कोणालाही फिरवता येतो. गाडी जॅकवरून घसरू नये म्हणून करायची जवळजवळ सगळी कामे जॅक लावण्यापूर्वीची असतात, आणि घाईत नेमकी तीच गाळली जातात.

सर्वात मोठा गैरसमज हँडब्रेक आणि गिअर यांच्याबद्दल आहे. बहुतेक छोट्या मोटारींत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. अशा गाडीचे पुढचे एक चाक उचलले की ते हवेत मोकळे फिरू शकते, आणि डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीच्या) रचनेमुळे जमिनीवर टेकलेले दुसरे पुढचे चाकही मग गिअरने अडून राहत नाही. गाडी गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर (पार्किंगवर) आहे, या भरवशाला त्या क्षणी अर्थ उरत नाही. मागचे चाक उचलले तर हँडब्रेकची पकड एकाच चाकापुरती राहते. म्हणून हँडब्रेक आणि गिअर दोन्ही लावून, शिवाय उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ठोकळा लावल्याशिवाय जॅक बाहेर काढूच नये, असे माझे ठाम मत आहे. गाडीतली माणसेही आधीच उतरवावीत.

चाकाचे नट मात्र चाक जमिनीवर असतानाच अर्धा-पाऊण फेरा सैल करावेत. गच्च बसलेल्या नटावर पाना लावून जोर देताना सगळी गाडी हलते. तो हिसका जॅकवर उभ्या गाडीला बसला तर ती कलंडू शकते.

जॅकची जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. बऱ्याच गाड्यांत दाराखालच्या पत्र्याची दुमडलेली कड चाकाजवळ मुद्दाम मजबूत केलेली असते आणि तिथे दोन खाचा दिसतात. त्या दोन खाचांच्या मधली कड जॅकच्या डोक्यावरच्या खोबणीत बरोबर बसली पाहिजे. चार बोटे बाजूला सरकले तरी पत्रा आत चेपतो. जमीन मऊ असेल तर जॅकखाली जाड, रुंद फळी घालावी. गाडी वर जात असताना जॅक तिरपा होताना दिसला, तर ती खाली घेऊन पुन्हा मांडावी. ढकलून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये.

गाडीसोबत मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये, मग डोके घालणे दूरच. चाक बदलेपर्यंत स्टेपनी दाराखाली आडवी सरकवून ठेवावी आणि जुने चाक निघाले की ते तिच्या जागी ठेवावे. जॅक निसटलाच तर गाडी त्या आडव्या चाकावर टेकते.

आणि वाहत्या रस्त्याच्या कडेला, उतारावर किंवा वळणावर चाक बदलूच नये. टायर फाटला, रिम खराब झाली तरी चालेल; गाडी सावकाश सपाट, मोकळ्या जागेपर्यंत न्यावी.

नवे चाक बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावरच द्यावा, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर ते पुन्हा एकदा तपासावेत.