टर्कीची टेहळणी आणि तोंडाला कुलूप

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात रानटर्कीच्या शिकारीचा वसंतातला हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी उघडतो आणि तीन आठवडे चालतो. छळ मात्र मार्चच्या अखेरीसच सुरू होतो. त्याचं नाव टेहळणी, म्हणजे पक्षी कुठे आहेत हे आधीच हेरून ठेवणं. तिला बंदूक लागत नाही, परवाना लागत नाही, लागतं ते फक्त गप्प बसणं. मराठी माणसाला उपास सांगा, पायी वारी सांगा, पहाटे चारचा गजर सांगा. कुरकुरत का होईना, तो करेल. पण समोर पक्षी ओरडतोय, त्याला उत्तर द्यायचं यंत्र खिशात आहे आणि ते वाजवायचं नाही, ही शिक्षा आपल्या पिंडाला मानवणारी नाही.

यंत्रं तीन. बॉक्स कॉल म्हणजे लाकडी डबी आणि तिच्या काठावर घासायचं झाकण. स्लेट कॉल म्हणजे पाटीची गोल चकती आणि तिच्यावर फिरवायची काडी. डायफ्रॅम ही नालेच्या आकाराची छोटी पट्टी, टाळूला चिकटवून तिच्यावरून हवा सोडायची. तिन्हींतून मादीचा आवाज निघतो आणि तो ऐकून नर चालत येतो. शिकारीचा सगळा डाव या एका गोष्टीवर उभा आहे. म्हणूनच टेहळणीत ही तिन्ही घरी कपाटात राहिली पाहिजेत. नर आला, मादी दिसली नाही आणि कॅमो (झाडीत मिसळून जाणारे ठिपक्याठिपक्यांचे कपडे) घातलेला, कंबर धरून उभा असलेला एक मध्यमवयीन इसम दिसला, की तो पक्षी धडा शिकतो. मग हंगामात तुम्ही कितीही गोड वाजवा, तो ऐकतो आणि विरुद्ध दिशेला जातो. (डायफ्रॅमचा सराव गाडीत एकट्याने करावा. घरात केला तर शेजारी काही म्हणत नाहीत, पण घरातली माणसं बोलेनाशी होतात.)

दिसणं हा दुसरा गुन्हा. टर्कीला वास जवळजवळ येत नाही. त्यामुळे रात्रीच्या लसणीच्या फोडणीची काळजी सोडा. पण डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न हलवता तिला भोवतालचा पाऊण घेर दिसतो, रंगही आपल्याहून जास्त कळतात. शंभर पावलांवर तुम्ही नाक खाजवलंत तरी तिची बैठक मोडते.

तर मग पहाटे करायचं काय? सूर्योदयाच्या तासभर आधी डोंगराच्या धारेवर जाऊन उभं राहायचं. एप्रिलच्या मध्याला इथे साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, म्हणजे साडेपाचला तुम्ही जागेवर हवे. डोक्याला लावायचा दिवा लाल प्रकाशाचा, तोही गाडीपासून धारेपर्यंतच. नर पहिली आरोळी देतो ती सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधी, झाडावर बसल्या बसल्या. तिला सगळे गॉबल म्हणतात. शांत हवेत ती किलोमीटरभरावरून सहज ऐकू येते. वारा सुटला असेल तर सरळ घरी जाऊन झोपावं, त्या दिवशी काहीही कळत नाही.

अंतराचा अंदाज हा या धंद्यातला सगळ्यात मोठा फसवा भाग. झाडावरचा नर तुमच्याकडे तोंड करून ओरडला की बाजूच्याच झाडावर आहे असं वाटतं. तोच वळून ओरडला की पलीकडच्या खोऱ्यात. जमिनीवर उतरला की आवाज दबतो. वर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ओकला पालवी फुटते आणि ती आवाज खाते. मार्चमध्ये जो आवाज दूर वाटायचा, तेवढाच मंद आवाज आता बराच जवळचा असू शकतो. उपाय एकच: दोन ठिकाणांहून ऐकायचं, दोन्हीकडून होकायंत्राची दिशा घ्यायची आणि नकाशावर रेघा मारायच्या. जिथे छेदतील तिथे पक्षी. शाळेतली भूमिती आयुष्यात कुठे उपयोगी पडते असं विचारणाऱ्या मुलांना हे सांगायला हरकत नाही.

नर आपणहून बोलला नाही तर त्याला दचकवायची परवानगी आहे, मात्र टर्कीच्या आवाजाने नव्हे. इथलं बार्ड घुबड आठ ठोक्यांत घुमतं: चार, थोडी उसंत, परत चार, आणि शेवटचा खाली घसरत लांबवलेला. तसं तोंडाने घुमलं की झाडावरचा नर कधी कधी न राहवून ओरडतो. सूर्य वर आला की कावळ्याची कर्कश हाक बरी. अडचण अशी, की घुमणं चांगलं जमलं तर खरं घुबड येऊन डोक्यावरच्या फांदीवर बसतं आणि हद्दीचा वाद घालू लागतं. मग अर्धा तास तुमचं दोघांचंच चालतं आणि टर्की ऐकत बसते. त्याहून अपमानास्पद गोष्ट म्हणजे हाच पक्षी गाडीचं दार आपटलं, ढग गडगडले, मालगाडीने भोंगा दिला, गाढव ओरडलं तरी तत्परतेने उत्तर देतो. तुम्ही आठवडाभर कमावलेल्या घुबडाला नाही, पण टोयोटाच्या दाराला देतो. म्हणून गाडी दूर लावा, दार लोटून बंद करा आणि किल्लीचं बटण दाबून हॉर्न वाजवायची सवय तेवढ्यापुरती सोडा.

आरोळी ऐकली की लोक खूश होऊन नाश्त्याला पळतात. माझ्या मते निम्मी टेहळणी इथेच वाया जाते. नर कुठे झोपतो हे कळणं सोपं आहे. तो उतरून कुठे जातो हे कळलं पाहिजे. उतरला की पुष्कळदा तो गप्पच होतो, कारण माद्या शेजारीच असतात आणि ओरडायचं कारण उरत नाही. नऊ-दहाच्या सुमारास माद्या एकेक करून घरट्याकडे सटकतात. त्या साधारण दिवसाला एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालतात आणि मग २८ दिवस उबवतात. माद्या गेल्या की नर एकटा पडतो आणि पुन्हा बोलू लागतो. हंगामात सरकारी जमिनीवर दुपारी एकला शिकार थांबवावी लागते, त्यामुळे दहा ते एक या वेळात तो कुठे रेंगाळतो हे आधी माहीत असणारा माणूस सुखी. तेव्हा थर्मासमधला चहा पुरवून प्या आणि बसा.

दुपारी नर दूर चरत असताना जमीन वाचायची. टर्की ओकची फळं आणि किडे शोधताना पाचोळा मागे फेकते. कळप गेलेली उतरण कोणी अंगण झाडल्यासारखी दिसते. पाचोळ्याचा ढीग एका टोकाला असतो, उघडी माती दुसऱ्या. ढीग ज्या बाजूला, तिच्या उलट दिशेला कळप गेला. माती ओली आणि काळी असेल तर आजची, फिकट पडून वर नवी पानं पडली असतील तर विसरा. लहान, खोल, निमुळता खड्डा दिसला तर तो आर्माडिलोचा, म्हणजे किडे उकरून खाणाऱ्या एका कवचधारी प्राण्याचा. त्याच्या मागे जाऊन कोणाचं भलं झालेलं नाही.

मग विष्ठा. सुशिक्षित, घरी डिशवॉशरला हात न लावणारी माणसं इथे उकिडवी बसून गंभीर चर्चा करतात, कारण नराची लेंडी इंग्रजी जे अक्षरासारखी लांब आणि टोकाला वळलेली असते, मादीची गोळा होऊन वेटोळी. एका टोकाला पांढरा भाग दोन्हींच्या असतो. काडीने मोडून पाहा: आत मऊ आणि हिरवट असेल तर ताजी. (काडीने. हे सांगावं लागतं.) एकाच झाडाखाली ढीगच्या ढीग आणि मोठी पिसं दिसली, तर तो रातथारा, म्हणजे कळपाचं रात्री बसायचं झाड: बहुधा ओढ्याकाठचा सिकॅमोर किंवा उताराच्या वरच्या भागातला आडव्या फांद्यांचा जुना ओक. नकाशावर खूण करा आणि तिथून निघा. रोज जाऊन बघाल तर तो कळप दुसऱ्या खोऱ्यात मुक्काम हलवेल आणि तुमच्याकडे विष्ठेचा उत्तम नकाशा उरेल.

पाऊस होऊन गेल्यावर लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यांवरून चाला. टाचेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पाऊल सव्वाचार इंचांच्या वर गेलं तर बहुधा नर. त्या पावलांच्या दोन्ही बाजूंना, थोड्या अंतरावर, बारीक समांतर रेघा दिसल्या तर मात्र थांबा. नर पिसारा फुलवून मिरवतो तेव्हा पंख खाली सोडतो आणि पंखांची टोकं मातीत घासत जातात, त्या या रेघा. रोज त्याच जागी मिरवायचा त्याचा शिरस्ता असेल तर माझ्या हिशेबी ही खूण बाकी सगळ्या खुणांच्या वर.

या पक्ष्याला इतकं जपण्यामागे कारण आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिझुरीतून तो जवळजवळ संपला होता. पक्षी जाळ्यांत पकडून नव्या जंगलांत सोडत सोडत १९६० मध्ये आधुनिक काळातला पहिला हंगाम उघडला: १४ परगणे, तीन दिवस, ९४ पक्ष्यांची शिकार. २००४ च्या वसंतात ही संख्या ६०,००० च्या वर गेली होती, नंतर ती उतरली.

आता गोचीड. ओझार्कच्या, म्हणजे दक्षिण मिझुरीतल्या डोंगराळ भागातल्या, जंगलात एप्रिलमध्ये ती असतेच. बूट, मोजे, पँट यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन आदल्या दिवशी बाहेर फवारून पूर्ण वाळू द्यायचं. अंगाला लावायचं नाही आणि ओलं असताना मांजराजवळ न्यायचं नाही. पँट मोज्यात खोचायची, सौंदर्य गेलं खड्ड्यात. पाठीवर पांढरा ठिपका असलेली लोन स्टार जातीची मादी गोचीड चावली तर काहींना अल्फा-गॅल नावाची ॲलर्जी होते: मटण, बीफ, पोर्क खाल्लं की दोन ते सहा तासांनी अंगभर गांधी उठतात, काहींना थेट दवाखाना गाठावा लागतो. म्हणजे रविवारचा तांबडा रस्सा जन्माचा संशयित. कोंबडी, मासे आणि टर्की मात्र चालते. ज्या पक्ष्यापायी गोचीड चावली तोच तेवढा खायला उरतो, यात कोणाचा तरी हिशेब असणार.

जागेचं म्हणाल तर मार्क ट्वेन राष्ट्रीय अरण्य सुमारे १५ लाख एकरांचं आहे, पण मध्येमध्ये खासगी जमिनी घुसलेल्या आहेत. झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर ती कला समजू नका. मिझुरीच्या कायद्यात त्याचा अर्थ प्रवेशबंदी. परवानगी हवी तर मालकाच्या दारी दिवसाढवळ्या, साध्या कपड्यांत जा. तोंडाला कॅमोचा बुरखा बांधून कोणाच्या ओसरीवर चढू नये. दोन वाक्यांत विचारा. नाही म्हटलं तर आभार माना. हो म्हटलं तर आपल्या गावच्या शेतीची माहिती देत बसू नका, हो चं नाही होऊ शकतं. आणि दाणे टाकून पक्षी बोलवायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका: आमिष पूर्ण उचलल्यावरही दहा दिवस ती जागा आमिषाचीच मानली जाते.

मोठ्यांच्या हंगामाआधी एका शनिवार-रविवारी लहान मुलांचा हंगाम असतो, तेव्हा जंगलात बंदुका असतात. त्या दिवशी नारिंगी टोपी घाला, आणि एरवीही लाल, पांढरं, निळं अंगावर नको; नराच्या डोक्याचे रंग हेच.

सगळ्यात अवघड परीक्षा शेवटी, खडीच्या पार्किंगमध्ये. शेजारचा ट्रकवाला काच खाली करून विचारतो, काही ऐकलंत का? इथे शिष्टाचार ठरलेला आहे: तुम्ही म्हणायचं, दूर कुठेतरी एक, नक्की नाही. तो म्हणतो, मलाही काही नाही, बहुतेक खालच्या खोऱ्यात सरकले असतील. यातलं दोघांचंही खरं नाही. त्याच्या गुडघ्यांना ओली माती असेल आणि उद्या पहाटे त्याचा ट्रक तुमच्या आधी तिथेच उभा असेल, तर तुमचा नर त्यानेही ऐकलाय. म्हणून यादीत किमान तीन जागा हव्यात, एकमेकींपासून निदान दोन मैल लांब. आणि तिन्ही मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या नाहीत, फोटोतलं लोकेशन बंद केलं असलं तरी.