क्लाउडवर टाका म्हणे!

"सगळं क्लाउडवर टाका, आता कोण इन्स्टॉल करत बसतं?" असं म्हणणारा माणूस स्वतः कधीच शीट भरत नसतो, लिहून घ्या माझ्याकडून. आमच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात हे फर्मान काढलं साहेबांच्या चिरंजीवांनी. त्यांचं एक्सेल म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनशॉट.

आमची कोटेशनची शीट मॅक्रोवर, म्हणजे एक्सेलातच लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामांवर चालते. साइज टाका, पत्र्याचा गेज टाका, बटण दाबा, रेट हजर. ब्राउझरमधल्या एक्सेलात ती फाइल उघडते, पण मॅक्रो ठार मेलेले, कारण तिथे व्हीबीए, म्हणजे मॅक्रोची भाषा, चालतच नाही. गूगल शीट्समध्ये तर सगळं नव्याने गूगलच्या भाषेत, ॲप्स स्क्रिप्टमध्ये लिहायचं. कोण लिहिणार? मी? याच पगारात? बरं, हाताला वर्षानुवर्षांची सवय. नवी फाइल हवी म्हणून कंट्रोल एन दाबावं, तर ब्राउझरची आणखी एक रिकामी विंडो तोंडावर!

आणि नेट. पावसाळ्यात कुठेतरी रस्ता खोदतात, केबल तुटते, नेटवाला म्हणतो "माणूस निघालाय." जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, ११ तारीख काही त्या माणसासाठी थांबत नाही. पोर्टलला नेट लागतंच, कबूल. तेवढं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागतं. पण बिलं जुळवायलाही नेट? माझ्याच ऑफिसची, माझ्याच हाताने टाइप केलेली बिलं! यावर चिरंजीव म्हणतात, "गूगल शीट्सला ऑफलाइन मोड आहे ना." आहे हो. फक्त तो नेट असतानाच आधी चालू करून ठेवायचा, तोही क्रोम नाहीतर एजमध्ये. तहान लागण्याआधी विहीर खणायची हे ठीक, पण खणायची आहे हे सांगितलं कुणी?

त्यात अकाउंट कुणाचं, तर चिरंजीवांचंच, गूगलचं फुकटवालं. १५ जीबी जागा, त्यातच मेल, त्यातच ड्राइव्ह, त्यातच त्यांच्या महाबळेश्वरच्या ट्रिपचे व्हिडिओ. जागा भरली आणि पार्ट्यांचे मेल यायचे बंद. दोन दिवस शिव्या मी खाल्ल्या.

इन्स्टॉल केलेलं तरी कुठे आपलं राहिलंय म्हणा. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आता दुकानदार मायक्रोसॉफ्ट ३६५च गळ्यात मारतो, म्हणजे दरवर्षी भाडं भरा. एकदाच पैसे मोजून ऑफिस २०२४ मिळतं हे त्याच्या तोंडून निघत नाही, खोदून विचारलं तर म्हणे "ते कोण घेतं आता?" आम्ही घेतो रे बाबा! आम्हाला एआय नको, टेराबाइट नको, पत्र्याचा रेट हवाय.

लिब्रेऑफिस या फुकट मिळणाऱ्या, इन्स्टॉल करायच्या सॉफ्टवेअरचं नाव काढलं तर साहेब म्हणाले, "फुकट आहे म्हणजे व्हायरस असणार." चिरंजीवांचं १५ जीबी फुकट चालतं, ते मात्र टेक्नॉलॉजी!

शेवटी कुणाला न विचारता मी माझ्या मशीनवर लिब्रेऑफिस टाकून घेतलं. दोन मॅक्रो अडले, ते दुरुस्त केले, बाकीचे पळतायत. कोटेशन जातायत, साहेब खूश आहेत. परवा मागे उभे राहून म्हणाले, "बघ, क्लाउडवर किती फास्ट चालतं!"