ऐंशी-जी आहे का?

परवा आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मदतीचा मेसेज आला. नऊ वर्षांची मुलगी, थॅलेसेमिया, पुण्यात बोन मॅरो प्रत्यारोपण करायचं ठरलंय, वडील मार्केट यार्डात हमाल. खाली पहिलंच उत्तर, ‘८०जी मिळेल का?’ म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी पावती. दुसरं, ‘खातं मामाच्या नावावर कसं काय? फ्रॉड वाटतोय.’ तिसऱ्यानं गुड मॉर्निंगचा गुलाब टाकला आणि विषय मिटला.

मी दिवसा कोल्हापुरात राजारामपुरीत एका कर सल्लागारांकडं काम करतो आणि रात्री पेठेतल्या मंडळाचा खजिनदार असतो. म्हणजे सकाळी लोकांकडं ८०जीची पावती मागायची आणि संध्याकाळी कुणी आपल्याकडं मागितली की घसा खाकरायचा. (नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले. पण आमच्या ऑफिसात अजून ८०जीच म्हणतात, आणि आमचे सर रिटायर होईपर्यंत तेच म्हणतील.)

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या पोराचा हायवेला अपघात झाला. उद्यमनगरात फौंड्रीत कामाला होता, नाईट संपवून गाडीवरून येत होता. डोक्याला मार. जवळ म्हणून ज्या हॉस्पिटलात नेला ते सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत नव्हतं, आणि तिथून हलवायच्या अवस्थेत तो नव्हता. त्याची आई, आमच्या आक्का, भाजी विकतात, वडील नाहीत. रात्री साडेनऊला मंडळात बसलो आणि पावतीपुस्तकं काढली.

पहिल्या दिवशी आक्कांच्या खात्याचा क्यूआर फिरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पैसे जायचे बंद झाले. बँकेत गेल्यावर कळलं, आक्कांचं खातं ‘छोटं खातं’ आहे. पुरी कागदपत्रं न देता उघडलेलं. त्यात शिल्लक पन्नास हजारांपुढं जात नाही, वर्षभरात एक लाखाच्या वर जमा होत नाही आणि महिन्याला दहा हजारच काढता येतात. आयसीयूचं बिल आणि महिन्याला दहा हजार! मंडळाच्या खात्याला तिघांच्या सह्या लागतात, त्यातला एक दुबईला. शेवटी माझ्या पगाराच्या खात्याचा नंबर दिला. बायको तीन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर तिचं चुकत नव्हतं.

त्याच फेरीत आम्ही एका व्यापाऱ्याकडं गेलो. कोण ते सांगणार नाही, त्यांचं रिटर्न आमच्याच ऑफिसातून जातं. गल्ल्यातनं नोटा काढत म्हणाले, “८०जी असंल तर पाच हजार लिवा. नसंल तर एकशे एक.” मी एकशे एकची पावती फाडली.

आता हिशेब बघा. नोंदणीकृत संस्थेला पाच हजार दिले तर साधारणपणे त्यातले निम्मे, म्हणजे अडीच हजार, उत्पन्नातून वजा होतात. माणूस तीस टक्क्यांच्या टप्प्यात असला तर उपकर धरून वाचतात ७८० रुपये. तेही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ही वजावटच नाही, आणि यांचं रिटर्न नव्या प्रणालीत गेलेलं मी स्वतःच्या हातानं भरलेलं. वर ते देत होते रोख, आणि दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला वजावट तशीही मिळत नाही. म्हणजे ज्या कागदासाठी ४,८९९ रुपये अडले, त्या कागदाचा त्यांना दमडीचा उपयोग नव्हता.

तरी त्यांनी तो का मागितला? मला वाटतं, ८०जी आता आपल्याकडं करसवलत राहिलेली नाही, ती चारित्र्याचा दाखला झाली आहे. पावती आहे म्हणजे माणूस सज्जन, नाही म्हणजे लफंगा. आणि ‘८०जी नाही? मग राहू दे’ हे नाही म्हणायचं सगळ्यात सभ्य निमित्त आहे. ते मीही वापरलंय. सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, दारात एकदा एका म्हाताऱ्याला मी हेच उत्तर दिलं होतं. त्याला ८०जी म्हणजे काय हे माहीत नव्हतं, तो “बरं साहेब” म्हणाला.

एका आजारी माणसाला थेट दिलेल्या मदतीवर ८०जी मिळतच नाही, हे कुणी सांगत नाही. ती सवलत सार्वजनिक कामाला आहे. त्यासाठी आधी संस्था नोंदवा, धर्मादाय आयुक्तांकडं जा, पॅन काढा, मग प्राप्तिकराच्या दोन नोंदण्या, त्याही आधी तात्पुरत्या. मग दरवर्षी ऑडिट, दरवर्षी ३१ मेपर्यंत देणगीदारांची यादी, उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. हे सगळं होईपर्यंत आयसीयूतल्या पोराचा निकाल लागलेला असतो.

उलट दुसरी एक गोष्ट लोकांच्या गावी नाही. नात्याबाहेरच्या लोकांकडून एका वर्षात पन्नास हजारांहून जास्त मदत मिळाली की कायदा अक्षरशः वाचला तर ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरलं जातं. लग्नातल्या आहेराला सूट आहे, आजारपणातल्या मदतीला सरसकट नाही. कोरोनाच्या उपचारासाठी मिळालेल्या पैशाला सरकारनं खास तरतूद करून सूट दिली, यावरूनच बाकीच्यांचं काय ते समजा. आक्कांचं एकूण उत्पन्न मर्यादेच्या आत होतं म्हणून कराचा प्रश्न आला नाही. पण ज्या घरात पंचवीस-तीस लाख गोळा होतात, त्यांना हे कोण समजावून सांगतं? देणाऱ्याला सवलत नाही आणि घेणाऱ्याला करपात्र, असा हा पैसा.

आमचे जमले ३,४६,२५०. रोज रात्री मंडळाच्या फळ्यावर जमा-खर्च खडूनं लिहायचो, वर्गणीदारांच्या नावांसकट. ‘एकशे एक’ पण लिहिलं. हॉस्पिटलचं बिल आलं २,८४,९००. पोरगा घरी आला. राहिले ६१,३५०.

खरी भांडणं इथून सुरू झाली. अध्यक्ष म्हणाले, पुढच्या पेशंटसाठी ठेवू. एकजण म्हणाला, ज्यांनी जास्त दिले त्यांना परत करू. मीही अध्यक्षांच्या बाजूला होतो. ऑफिसची सवय, ज्या कामाला निधी घेतला ते काम संपलं की शिल्लक तशाच कामाला, असं संस्थेत चालतं. आक्का पदराला हात पुसत आल्या, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “त्येच्या नावानं मागितलासा न्हवं? मग त्यो बरा हुईस्तवर दुसऱ्याचं कसं झालं पैसं?”

पोराला उजव्या हातानं घास धरता येत नव्हता. फिजिओथेरपीचे रोजचे तीनशे आणि फौंड्रीतला पगार बंद. आम्ही ‘काम संपलं’ कशाला म्हणत होतो कुणास ठाऊक. पैसे त्यांना दिले.

दोन महिन्यांनी त्यांच्या घरात सेकंडहँड फ्रीज आला. झालं! कट्ट्यावर, दूधकेंद्रावर, नळावर एकच विषय, “आमच्या पैशातनं फ्रीज घेतला.” ज्यानं एकावन्न रुपये दिले होते तोही ‘आमच्या पैशातनं’. राहिलेली भाजी दुसऱ्या दिवशी विकता यावी म्हणून फ्रीज घेतला होता, आणि तोही त्यांच्या बहिणीनं दिलेल्या पैशातून. पण समजा, आपल्याच पैशातून घेतला असता तरी काय?

त्याच आठवड्यात एका संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमाला गेलो होतो. मंचावरच्या सगळ्यांना फेटे, शाली, सन्मानचिन्हं, एसी हॉल, जेवणात तांबडा-पांढरा. माझ्याकडं त्यांची ८०जीची पावती आहे, दरवर्षी असते. फेट्यांचा खर्च कुठल्या खात्यातून झाला असं मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. पावती घेतली की आपली चौकशी संपते. ज्याच्याकडं पावती नाही त्याच्या मात्र स्वयंपाकघरापर्यंत आपली नजर जाते.

संस्थांना देऊ नका असं मी म्हणत नाही, नाहीतर उद्या सर मला बोलावून घेतील. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ पासून, इथं बोर्डिंगं निघाली ती जमीन, इमारत, कायमचं उत्पन्न असा पाया घालून. झोळी फिरवून कुठलंही वसतिगृह शंभर वर्षं चालत नाही. डायलिसिसचं मशीन घ्यायचं, तर संस्थाच पाहिजे. पण २०१९ च्या पुरात हायवे जवळजवळ आठवडाभर बंद होता, तेव्हा आमच्या गल्लीतून भाकऱ्या गोळा होत होत्या आणि भाकरीवर ८०जी आहे का असं कुणी विचारलं नव्हतं. चटणी आहे का एवढंच विचारलं होतं.

फसवणूक होत नाही असंही नाही. जुनेच फोटो, दुसऱ्याच पोराचे रिपोर्ट, वर भलताच क्यूआर, हे मीही बघितलंय. म्हणून विचारायचंच. पण विचारायचं ते कामाचं. हॉस्पिटलचं एस्टिमेट आहे का, पेशंटचा नोंदणी नंबर काय, योजनेत बसतंय का, मुख्यमंत्री सहाय्यता निधीला अर्ज केलाय का, थेट बिलिंगला पैसे भरले तर चालतील का. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ८०जीच्या पावतीवर नसतं.

ग्रुपवरच्या त्या मेसेजमधल्या नंबरावर काल रात्री फोन केला. मामानं उचलला. एस्टिमेटचा फोटो पाच मिनिटांत आला. मग मी अवघडत विचारलं, खातं तुमच्या नावावर कसं? तो म्हणाला, “दाजींच्या खात्यावर पैसं जाईनात. बँकेवाले म्हणत्यात, ते छोटं खातं हाय.”

हॉस्पिटलच्या बिलिंगचा नंबर घेऊन ठेवलाय. सकाळी दहाला उघडतं.