फुकट गाणी, डोक्याला ताप

गाण्यांच्या अ‍ॅपवर 'मोफत, अमर्याद संगीत' म्हणे! अमर्याद असतात त्या फक्त जाहिराती. आलाप जरा रंगात येतो न येतो, तोच कुणीतरी दुप्पट आवाजात खेकसतं, 'प्रीमियम घ्या!' अरे, समेवर तरी येऊ दे त्याला!

हवं ते गाणं लावावं म्हटलं, तर फुकट्यांना तो हक्क बऱ्याचदा नाही. शफल, म्हणजे अ‍ॅप लावेल त्या उलटसुलट क्रमाने ऐका. पुढे ढकलायची मुभाही मोजूनमापून. आणि एकदा चुकून एखादं बडबडगीत वाजलं की गाणी सुचवणारे अल्गोरिदम महाशय पुढचे कित्येक दिवस तेच वाढत बसतात.

इंटरनेट रेडिओची तऱ्हा निराळी. याद्या लांबलचक, पण स्टेशन दाबलं की नुसतं चक्र फिरतं, कारण स्ट्रीमचा, म्हणजे नेटवरच्या प्रसारणाचा, पत्ता कधीच बदललाय आणि यादीत अजून जुनाच आहे. दुसरं दाबावं तर 'तुमच्या देशात उपलब्ध नाही'. तिसरं लागतं, पण ३२ केबीपीएसवर, म्हणजे अगदी हलक्या दर्जाच्या आवाजात! तबला पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो.

बरं, नीट करता येत नाही असंही नाही. सोमाएफएम हा इंटरनेट रेडिओ २००० साली सुरू झाला, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं, जाहिरात एकही नाही. रेडिओ पॅराडाइजचंही तेच, वर फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता, ऐका. जगभरची स्टेशनं दाखवणाऱ्या रेडिओ गार्डनवर पृथ्वीचा गोल फिरवायचा, हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, झालं! मग बाकीच्यांना गाणं लावण्याआधी माझा फोन नंबर, जन्मतारीख आणि लोकेशन कशाला लागतं? मला भैरवी ऐकायचीय हो, लग्न नाही जमवायचंय.