वास गेला म्हणजे जंत मेले नाहीत

परवा माझ्या धाकट्या भावानं सेप्टिक टँक उपसून घेतली आणि गाळ गाडीवाल्याला नेऊ न देता परसात पसरून टाकला. आठ दिवस ऊन द्यायचं आणि मग गाजराच्या वाफ्यात घालायचा, असा बेत. ही अक्कल त्याला एका मेसेजनं दिली. वर मथळा 'पूर्वजांचं सोनखत (म्हणजे मैल्याचं खत), कंपन्यांनी दडपलेलं सत्य', खाली चार दावे आणि शेवटी 'दहा शेतकऱ्यांना पाठवा'. त्याच्या घरात दोन वर्षांचं पोर आहे, हाताला येईल ती माती तोंडात घालणारं. म्हणून हे लिहायला बसले.

सगळ्यात घातक दावा आधी घेते. "आठ दिवस कडक ऊन दिलं, वास गेला, की जंतू मेले. प्रक्रिया म्हणजे खर्चिक थोतांड." वास येतो कुजण्याचा. ओल गेली की कुजणं मंदावतं आणि वास जातो, एवढंच. वाळण्यानं बरेच जिवाणू मरतात हे मान्य. पण पोटातल्या गोल जंताची अंडी? एक मादी दिवसाला दोन लाखांच्या घरात अंडी घालते, आणि त्यांचं कवच इतकं चिवट की ती मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. शिवाय ऊन लागतं वरच्या थराला, बुडाशी गाळ ओलाच राहतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे १९९३ चे नियम, 'भाग ५०३', कोणालाही वाचता येतात. मैल्याच्या गाळाचं कंपोस्ट उघड्या लांब ढिगांत करायचं, तर ढीग निदान १५ दिवस ५५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापलेला हवा आणि तेवढ्यात तो किमान ५ वेळा उलथायला हवा, म्हणजे बाहेरचा गार भागही आत जाऊन तापतो. 'अ' वर्गाच्या, म्हणजे पुरती प्रक्रिया झालेल्या, गाळात शेवटी चार ग्रॅम कोरड्या वजनामागे जंताचं एकसुद्धा जिवंत अंडं चालत नाही.

प्रक्रिया कमी झालेला तो 'ब' वर्ग. असा गाळ पसरल्यावर चार महिन्यांच्या आत मातीत मिसळला, तर त्या जमिनीतलं गाजर, मुळा असं कंदमूळ ३८ महिने काढायचं नाही. तीन वर्षांहून जास्त! आणि हे प्रक्रिया केलेल्या गाळाबद्दल. भावाच्या गाळावर तर कसलीच प्रक्रिया झालेली नाही, आणि भाऊ निघाला होता आठ दिवसांच्या हिशेबानं.

"पूर्वज हेच वापरायचे, त्यांना काय झालं?" जंत झाले. दक्षिण कोरियात शेतात मैला घालायची जुनी रीत होती. तिथल्या १९७१ च्या देशव्यापी पाहणीत ८४ टक्के लोकांच्या पोटात कुठले ना कुठले जंत सापडले. पुढे घरोघरी संडास आले, शाळांमधून मुलांची शौचतपासणी आणि औषधं सुरू झाली, शेतात मैल्याऐवजी दुसरी खतं आली, तेव्हा कुठे ते हटले. पूर्वजांच्या नावानं फुशारकी मारताना त्यांच्या पोटदुखीचीही आठवण ठेवावी.

याच दाव्याला जोडून मेसेजमध्ये मिलवॉकी शहराचा दाखला आहे: "अमेरिकेत हेच पोत्यात भरून विकतात." विकतात, १९२६ पासून. पण ते फिरत्या पिंपांमध्ये प्रचंड उष्णतेवर वाळवलेलं असतं. दाखला दिलाय तो नेमका प्रक्रियेचाच, आणि मेसेज म्हणतो प्रक्रिया नको.

"माणूस खातो तेच त्यात उतरतं, मग विष येईल कुठून?" शहराच्या गटारात फक्त माणसाचं पोट रिकामं होत नाही. कारखान्यांचं पाणी येतं, धुण्याचं येतं, रस्त्यावरचं येतं. कॅडमियम, शिसं, पारा गाळात साठतात, म्हणून तर नियमांत त्यांच्या मर्यादा आहेत. तवे आणि कापडांच्या लेपात वापरली जाणारी पीफास रसायनं कंपोस्टच्या उष्णतेनंही नष्ट होत नाहीत. मेन या अमेरिकी राज्यानं २०२२ मध्ये शेतात गाळ घालण्यावर बंदी आणली ती यांच्यामुळेच. म्हणजे सरकारी प्रक्रिया केलेला गाळही डोळे मिटून घ्यावा असं मी म्हणत नाही. विकणाऱ्याकडे धातूंचा आणि जंतूंचा तपासणी अहवाल मागावा, नसेल तर परत पाठवावा.

राहिला "दुसरं खत लागतच नाही" हा दावा. अर्धा खरा आहे, नाइलाजानं कबूल करते. नत्र आणि स्फुरद या गाळात चांगलं असतं, सेंद्रिय पदार्थानं जमीनही भुसभुशीत होते. पण पालाश पाण्यात विरघळून सांडपाण्याबरोबर निघून जातं, ते वेगळं द्यावंच लागतं.

घरी साठवून वापरायचंच म्हणणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. उष्ण हवेत, नवा मैला न मिसळता, वर्षाहून जास्त साठवण. थंड हवेत दीड-दोन वर्षं साठवूनही जंतांची काही अंडी उरू शकतात, असं तिथेच लिहिलंय.

भावानं काल विहिरीपासून लांब खड्डा घेतला आणि सगळा गाळ पुरून टाकला. पसरलेल्या जागेभोवती कुंपण घातलंय, पोराला तिकडे सोडत नाहीत. गाजराचा वाफा यंदा रिकामा राहील.