हिरवी पानं का राहिली

नमस्कार. तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. टॅटू काढायच्या लेझरच्या सहा सिटिंग होऊनही मनगटावरच्या टॅटूतली हिरवी पानं तशीच आहेत, काउंटरवर 'सहांत साफ होईल' असं सांगितलं होतं, आणि चौथ्या वेळी फोड आले तेव्हा रविवारी कोणी फोन उचलला नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

सिटिंगचा आकडा आम्ही द्यायलाच नको होता. लेझर शाई पुसून काढत नाही. नॅनोसेकंदांच्या झटक्यांनी शाईचे कण फुटतात आणि तो चुरा शरीरातल्या पेशी हळूहळू वाहून नेतात. म्हणून तर दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे थांबायचं. मनगटासारख्या टोकाच्या जागी हे काम आणखी रेंगाळतं.

हिरव्याच्या बाबतीत चूक माझी आहे. प्रत्येक लेझरच्या प्रकाशाची ठरावीक तरंगलांबी असते, ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. आमचं एनडी-याग प्रकारचं लेझर मशीन १०६४ नॅनोमीटरवर काळी शाई चांगली फोडतं, ५३२ वर लाल. हिरवी शाई हा प्रकाश फारसा शोषतच नाही. तिला ७५५ चा अलेक्झांड्राइट किंवा ६९४ चा रुबी लेझर लागतो. काळी कड गेली आणि पानं राहिली ती त्यामुळे. हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. जोर वाढवा, असं तुम्ही म्हणाला होतात. ते मी केलं नाही, करणारही नाही. आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्यही लेझर शोषतं. हिरवं राहिलं असतं आणि वर पांढरा डाग किंवा व्रण बसला असता.

आईंच्या गालावरच्या वांगाला लेझर नाकारला, हीही तुमची तक्रार आहे. तो निर्णय मात्र मला आजही बरोबर वाटतो. वांग लेझरने फिका पडला तरी पुष्कळदा परत येतो, कधी आधीपेक्षा गडद. त्यांनी सनस्क्रीन आणि दिलेलं मलम नेमाने लावावं, एवढी विनंती.

तुमची काळी शाई चौथ्या सिटिंगलाच गेली होती, तेव्हा नंतरच्या दोन्हींचे पैसे परत करतो. ७५५ चं मशीन असलेल्या त्वचारोगतज्ज्ञांसाठी चिठ्ठी आणि सगळे फोटो तयार ठेवलेत. तोवर मनगटाला ऊन लागू देऊ नका. काळवंडलेल्या त्वचेवर तो लेझर चालवता येत नाही.